कळंबचे मामा आणि जर्मनीचं पीठ

आमच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जगातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट हलकी वाटायची. कळंबच्या मोंढ्यात, तिथल्या धान्यबाजारात, त्यांचा सगळा जन्म ज्वारी पारखण्यात गेला. पोत्यात हात घालायचा, चार दाणे दाताखाली फोडायचे, थुंकायचं आणि निकाल द्यायचा. "बरी हाय" हे त्यांचं सर्वांत मोठं कौतुक, तेही वर्षातून एखाद्याच शेतकऱ्याच्या वाट्याला यायचं. माझ्या स्वयंपाकाला तर तेवढंही कधी मिळालं नाही.

सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना जर्मनीला आमच्याकडे आणलं. कायमचेच राहा, असा आमचा आग्रह होता. "भाकर मिळाली तर बघू," एवढंच ते बोलले.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात नेलं. प्लास्टिकमध्ये आवळलेली काकडी त्यांनी उलटसुलट करून पाहिली. "हिला कफन कशापायी घातलंय?" टोमॅटो हुंगले. "नुसता रंग हाय." कुंडीतली कोथिंबीर पाहून तर मोठ्यानं हसले. "एवढी तर आमच्याकडं भाजीवाली वरून फुकट टाकती." त्या गप्पगार दुकानात सगळे वळून पाहू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं तर त्या टोमॅटोंना मीही चार वर्षं मनातल्या मनात शिव्याच घालत होते, पण त्या दिवशी मला राग आला तो मामांचाच.

ज्वारीच्या पिठासाठी ट्रामनं अर्धं शहर ओलांडून एका भारतीय दुकानात जावं लागे. तिथं मामांनी पाकीट हातात घेतलं आणि मी काही म्हणायच्या आत नखानं कोपरा फाडून चिमूटभर पीठ तोंडात टाकलं. "कडू. लई जुनं हाय. ह्याची विरी गेली, चिकटपणाच न्हाई, थापली की चिरंल." काउंटरवरची बाई धावत आली. मामांनी तिलाच मराठीत सुनावलं, "चाखू देत न्हाईत, ते दुकान कसलं!" मी माफी मागून ते फाटकं पाकीट विकत घेतलं आणि घरी येऊन त्याच पिठाची भाकरी थापायला घेतली.

भाकरी चिरली. थापताना चिरली, उचलताना तुटली, ताटात तिचे तीन तुकडे आले. ते ताट पुढ्यात आदळून मी म्हणाले, "मामा, इथं राहायचं तर असंच खावं लागेल. तुमचा मोंढा नाही इथं." त्यांनी तुकडे दुधात कुस्करून खाल्ले. त्या दिवसापासून त्यांनी कशालाच नावं ठेवली नाहीत आणि मला मूर्खाला वाटलं, रुळले. महिन्याभरात त्यांनी माझ्या नवऱ्याला परतीचं तिकीट काढायला लावलं.

दोन वर्षांनी मामा गेले. दहाव्याला मोंढ्यातले हमाल आले होते, ते मामांना आप्पा म्हणत. त्यांतला एक म्हातारा मला म्हणाला, "तुमीच का जर्मनीच्या सूनबाई? आप्पा समद्यांना सांगायचे तुमचं."

"काय सांगायचे?" मी घाबरतच विचारलं.

"म्हनायचे, सुनंच्या हातची भाकर बरी हाय."

मोंढ्यात, सगळ्या पारखी माणसांसमोर, मामांनी हे सांगितलं होतं. मी तिथंच पदर तोंडाला लावून रडले.

परवा इथल्या त्याच भारतीय दुकानात गेले. पाकीट उचललं, नखानं कोपरा फाडला आणि चिमूटभर पीठ तोंडात टाकलं. कडूच होतं. काउंटरवरच्या बाईला मी ते तोंडावर सांगितलं.