अण्णांच्या बाटलीची वाटणी

बूच ओढताना मधेच तुटलं आणि दिंद्रुड गावच्या आमच्या माजघरात, माघातल्या दुपारी पोत्यांमधल्या नव्या तुरीच्या कोरड्या वासावर एक अनोळखी गंध हलकेच पसरला. ओल्या लाकडाचा, विझत आलेल्या शेकोटीचा. माझे दोघे भाऊ समोरासमोर बसले होते.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, शिक्षक होते. स्कॉटलंडात स्थायिक झालेल्या त्यांच्या एका विद्यार्थ्यानं ही सिंगल माल्ट व्हिस्की आणून दिली, तेव्हाच सांगितलं होतं की ती गाळणारी डिस्टिलरी कायमची बंद झाली आहे, पिंपात तीस वर्षं मुरलेली अशी बाटली पुन्हा मिळायची नाही. अण्णांनी ती ट्रंकेत धोतरांच्या घड्यांखाली ठेवली आणि, हे आता कळतं, दोन्ही मुलांना वेगवेगळं गाठून एकच वचन दिलं, की तुझ्यासोबत उघडू. उघडण्याआधीच ते गेले.

वाटणीची यादी मीच केली होती. माझा हक्क मी आधीच सोडलेला, म्हणून दोघांचा माझ्यावर विश्वास. शेत, विहिरीच्या पाळ्या, पितळी हंडेसुद्धा जुळले. शेवटच्या ओळीपाशी सगळं अडलं. बाटली मिळाल्याशिवाय दोघांपैकी कुणी वाटणीपत्रावर सही करणार नव्हतं, आणि सही नाही तर कोर्ट ठरलेलं. वर्षभर ते एकमेकांशी बोलत नव्हते. जे असेल ते माझ्यामार्फत.

"ताई, इचार त्याला," धाकटा सुभाष म्हणाला, "माळकरी माणसाला दारू कावून पाहिजे? देवघरात मांडतो काय?"

"सांग त्याला," दादा भिंतीकडं बघत म्हणाला, "प्यायला न्हाई मागत मी. अण्णांनी शब्द दिलता मला."

मग मीच ती बाटली उघडली. दोन सारखे तांबे, दुधाचं माप, बुचाचा चुरा अडवायला चहाची गाळणी. चार डोळे माझ्या मनगटावर खिळलेले. उन्हाच्या तिरिपेतून जाताना ती मधाळ धार क्षणभर पेटल्यासारखी दिसे, आणि प्रत्येक मापागणिक मला वाटे, इतकी वर्षं जे एकसंध राहिलं ते मी माझ्या हातानं तोडते आहे.

वाटणीत धाकट्यानं आधी उचलायचं, अशी आमच्याकडची रीत. सुभाषनं एक तांब्या उचलला आणि हट्टानं, तहानलेल्यानं पाणी प्यावं तसा, मोठा घोट घेतला. दुसऱ्या क्षणी त्याला असा ठसका लागला की चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी.

"हळू बे!" दादा केव्हा उठला, कळलंच नाही. तो त्याच्या पाठीवर थापा मारत होता. "पाणी घातल्याबिगर पितेत का?"

"तुला काय म्हाईत रे दादा?" सुभाष खोकत म्हणाला. "तू तर माळकरी."

वर्षभरात प्रथमच आपण माझ्यामार्फत नव्हे, थेट बोललो, हे दोघांच्याही एकदम ध्यानात आलं. दादाचा हात मात्र पाठीवरून लगेच निघाला नाही.

वाटणीपत्र माझ्या मांडीवर होतं. आता कुणाची हरकत उरली नव्हती. पेन पुढे करायचं, एवढंच काम. हातातलं काम पुढे ढकलणं माझ्या स्वभावात नाही. तरी मी पेनाला टोपण लावलं, आणि ऊन उंबऱ्यापर्यंत सरकलं तेव्हाही मी ते मुठीतच धरून बसले होते.