पाठीला पाटे

मिस्त्री रागावले की हातातला पाना जमिनीवर आपटायचे. माझ्या पायाशी तो पहिल्यांदा आपटला, ते शाळेच्या एका जुन्या व्हॅनवरून.

ते पूर्णेला रेल्वेत फिटर होते. निवृत्तीनंतर झरीच्या फाट्यावर पत्र्याचं वर्कशॉप टाकलं होतं. ती व्हॅन अर्धी कापून मला ट्रॅक्टरमागची ट्रॉली करायची होती, निंदणाच्या बायकांना शेतात न्यायला.

मी म्हणालो, "चाकांचा धुरा सरळ चेसीला वेल्ड करा. बाया हायत, काचेची भांडी न्हाईत."

पाना आपटला. "पोत्याला पाठ नसती मालक, माणसाला असती. बसा तुमी!"

शेजारच्या बिनपाट्याच्या, म्हणजे धुऱ्यावर स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या नसलेल्या, ट्रॉलीत मला बसवून त्यांनी स्वतः ट्रॅक्टर नाल्यापर्यंत हाणला. माझे दात वाजले. मी ओरडलो, तरी थांबले नाहीत.

मग मी कारच्या गोल स्प्रिंगा सुचवल्या. "लय शाने! स्प्रिंग नुसती झेलती, धुऱ्याला धरीत न्हाई. पाटा झेलतो बी अन् धरतो बी."

किती पाटे घालायचे, ते माणसांच्या वजनावर. मला वजनं माहीत नव्हती. ते तडक शेतात बायकांना विचारायला गेले. निंदणाऱ्या कौसाबाईंनी विचारलं, "जेवायच्या आधीचं सांगू का जेवल्यावरचं?" मिस्त्री हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. प्रत्येक बाजूला चार पाटे बसले.

पुढच्या हंगामात कापूस सेलूला न्यायचा म्हणून मी दुसऱ्याकडून आणखी दोन-दोन पाटे घालून घेतले. मिस्त्रींना विचारलं नाही. ट्रॉली दगडासारखी झाली. माणसांच्या हलक्या वजनाला ते पाटे वाकेनात. कापूस संपला, पाटे तसेच राहिले, आणि बायका त्यातच बसत राहिल्या. नाल्यात एक दणका बसला आणि कौसाबाईंचा मणका गेला. दोन महिने त्या उठून बसू शकल्या नाहीत.

ऐकून मिस्त्री माझ्या घरी आले. जॅक लावला, जास्तीचे पाटे काढले आणि अंगणात टाकले.

"शिव्या तरी द्या, मिस्त्री."

"ज्याला कळतंय त्याला देतो मी शिव्या," ते म्हणाले आणि निघून गेले.

परत ते माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला, वर्षभर येत राहिला. माझा स्वतःचा यायला त्याहून जास्त वेळ लागला.

मिस्त्री वारले ते मला पंधरा दिवसांनी कळलं. कौसाबाईंनी सांगितलं. त्या बसनं पूर्णेला त्यांच्या घरी जाऊन आल्या होत्या, दांडा धरून, सगळा रस्ता उभ्यानं.