माझ्या धापेचं गाऱ्हाणं

"चेडू तरणा आसा, पण धाप बग कशी लागता," स्वयंपाकघरातून रेखाकाकूंचा आवाज आला.

चेडू (मुलगी) म्हणजे मी. मालवणजवळ त्यांच्या घरी खोली भाड्याने घेऊन मी एकटीच उतरले होते. समुद्रावरून परत येताना मागच्या पायऱ्यांवर मधेच बसावं लागलं, ते त्यांनी खिडकीतून पाहिलं असावं.

"पुण्यात चलतत खंय? लिफ्टीत उबी रवतत," त्यांचे यजमान म्हणाले. दोघं हसली. मला ऐकू आलं हे त्यांना कळू नये म्हणून मी पायातली वाळू झटकत राहिले.

ऑफिसात सगळ्यांनी सांगितलं होतं, ताण आहे, सुट्टी घे. म्हणून कुडाळला गाडीतून उतरून एसटीने इथे आले होते. खोलीच्या खिडकीतून माडांच्या मधला समुद्र दिसायचा. बराच वेळ मी नुसती झोपून तो बघायचे. फोन आला की "मस्त चाललंय" म्हणायचे.

एका सकाळी होडीने किल्ल्यावर गेले. तटावर चढताना छाती धडधडू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. होडीतली कुटुंबं फोटो काढत पुढे गेली. मी भिंतीच्या सावलीत बसले आणि ती परतेपर्यंत तिथेच होते.

"येतंस मां गो? की हयच रवतंस?" होडीवाल्याने हाक मारली. मी हसले. तेवढ्यानेही दम लागला.

दुपारी काकूंनी बांगड्याचं तिखलं (झणझणीत कालवण) आणि भात वाढला. मी अर्धं टाकलं. "इतक्याशा खावन आंगात ताकद खंयसून येतली?" त्या म्हणाल्या, आणि वाटीभर सोलकढी पुढे सरकवून म्हणाल्या, "सांजेक देवळात जावया. गाऱ्हाणा घालूया."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली तक्रार. ती आपण मांडायची नसते, आपल्या वतीने गुरव मांडतात आणि जमलेली माणसं हुंकार भरतात. संध्याकाळी देवळाच्या दाराशी मी थबकले. "मी बाहेरच थांबते," म्हटलं. काकू समजल्या. काही न विचारता नारळ घेऊन त्या आत गेल्या.

"बा देवा म्हाराजा, ह्या पावण्या चेडवाक जी काय धाप लागता..."

"व्हय म्हाराजा."

"जा काय तिच्या आंगात दडान बसला आसा, ता भायर काड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

ओळख ना पाळख, आतली माणसं माझ्यासाठी देवाला गळ घालत होती. मी चपलांच्या राशीजवळ उभी होते. ज्या कारणाने बाहेर उभी होते, ते मी आले त्या दिवशीही होतं, आणि त्याच्या आधीपासून होतं. हे कोणाला ठाऊक नव्हतं. आईलासुद्धा.

परतीच्या दिवशी कुडाळला गाडीला वेळ होता. स्टेशनच्या रस्त्यावर एक दवाखाना उघडा दिसला. दोनदा त्याच्यावरून पुढे गेले, मग आत शिरले.

वयस्कर डॉक्टरांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी दिसतंय. पण थकवा आणि धाप, याला कारणं बरीच असतात. थायरॉइड असेल, दमा असेल, हृदयाचं काही असेल. तपासण्या करून घेऊ. आणि रक्त खरंच कमी असेल तर ते कशामुळे, हेही शोधायला हवं. छातीत दुखतं?"

"नाही."

"पायांना सूज?"

"नाही."

"पाळी वेळच्या वेळी?"

"हो," सवयीने तोंडातून गेलं. त्यांनी लिहायला पेन उचललं.

आमच्या इंग्रजी शाळेत आम्ही त्याला पोटदुखी म्हणायचो. घरी 'बरं नाही' एवढंच. मराठीतला तो शब्द मी मोठ्याने कधी उच्चारला नव्हता. पडद्यापलीकडे बाकावर माणसं बसली होती, त्यांना सगळं ऐकू जात होतं. देवळातही सगळ्यांना ऐकू जात होतं.

"नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "माझी पाळी थांबतच नाही. वर्ष होत आलं."