बाबांची दाढी

बाबा गेले तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "सोनं झालं म्हाताऱ्याचं! नव्वदी ओलांडली आणि शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही." कुणाला म्हणजे त्याला. तो वर्षातून दोनदा यायचा, येताना फळं आणायचा, आणि बाबांना ती चावता येत नाहीत म्हणून स्वतःच खाऊन जायचा. भांडायलाही अंगात जीव लागतो.

कोपऱ्यावर बाबांचं सलून होतं. खुर्च्या दोन. एकीवर गिऱ्हाईक, दुसरीवर बाबांच्या गप्पा ऐकायला आलेला कुणीतरी रिकामटेकडा. सगळा जन्म त्यांनी उभं राहून काढला. पायाच्या शिरा टरारून फुगल्या, पण गिऱ्हाइकासमोर बसायचं नाही म्हणजे नाही. टकलूशेठ म्हणून एकजण नेमाने यायचे. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाबा त्यांना कापड गुंडाळायचे आणि कानामागे बराच वेळ नुसती हवेतच कात्री वाजवायचे. "अहो, हे काय?" असं आई एकदा म्हणाली, तर म्हणाले, "त्यांचं समाधान होतं, आपलं काय जातं?"

मी कॉलेजात होते तेव्हा बाबा घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. दुकान बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. भावाला वस्तरा बघूनच घाम फुटायचा. राहिले मी! बाबांनी मला फुग्यावर दाढी शिकवली. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो अलगद उतरवायचा. फुगा फट्कन फुटला की बाबा प्लॅस्टरमधला हात छातीशी धरून हसायचे. "गेला बिचारा! आता याच्या बायकोला मी काय तोंड दाखवू?" हाताला वळण लागेपर्यंत मी अशा कितीतरी बायका विधवा केल्या. मग खरी गिऱ्हाइकं. सुरुवातीला सगळे जीव मुठीत धरून बसायचे. बाबा मागे उभे राहून त्यांना गप्पांत गुंतवायचे.

तोच हात शेवटी त्यांच्या कामी आला. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले आणि हळूहळू सगळं विसरायला लागले. दाढीला बाहेरचा कुणी चालायचा नाही. दोघांना त्यांनी पिटाळून लावलं. मग मीच रोज सकाळी उशांना टेकवून बसवायचे आणि दाढी करायचे. माझ्या हाताला ते मुकाट्याने हनुवटी वर करून द्यायचे. पण मी कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला 'बाई' म्हणायचे. "बाई, पाणी देता का?" "बाई, खिडकी लावा." आणि भावाचा फोन आला की लगेच आवाज ओळखायचे, "कसा आहेस रे राजा?" असं विचारायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. हगणं-मुतणं मी काढायचं आणि राजा तो! मला दुसरं काही नको होतं हो. एकदा, फक्त एकदा त्यांनी मला ओळखून हाक मारावी, एवढंच.

जायच्या आधी थोडे दिवस, असाच एका गालावरून वस्तरा फिरवून झाला होता, तर बाबा म्हणाले, "बाई, घरी कोण असतं तुमच्या?"

"वडील."

"म्हातारे असतील."

"चांगलेच."

"मग दिवसभर तुम्ही इथे असता, त्यांच्याकडे कोण बघतं?"

मी वस्तरा बाजूला घेतला.

"अहो, बोला ना! म्हाताऱ्या माणसाला असं एकटं टाकतात होय? उठा, घरी जा आधी. माझी काळजी करू नका. आमची मुलगी येईल इतक्यात."

"आणि नाही आली तर?"

"न यायला काय झालं?" बाबा चिडलेच. "ती आल्याशिवाय राहायची नाही. तुम्ही ओळखत नाही तिला."

मी वस्तरा मिटून ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले. खूप राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. तोंडात पदर कोंबून रडले. तशीच खाली उतरून चालू लागावं, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग डोळे पुसले, दार ढकललं आणि मोठ्याने म्हटलं, "बाबा, आले हो!"

एका गालावर तसाच फेस घेऊन त्यांनी मान वळवली.

"अगं, किती उशीर! एक बाई होत्या इथे. मीच त्यांना घरी पाठवलं. फार दमल्या होत्या गं बिचाऱ्या."

"बरं केलंत, बाबा."

त्यांनी सरकून पलंगावर जागा केली. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि त्या दिवशी दुसऱ्या गालाची दाढी राहूनच गेली.