दाजी आणि साहेबांची उडी

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मुलाची सगळी चौकशी झाली होती. व्यसन कसलंही नाही, असं आम्हाला छातीठोकपणे सांगण्यात आलं होतं. ते खोटं निघालं. दाजींना स्वच्छ चित्राचं व्यसन आहे. पडद्यावरच्या माणसाच्या भुवईचा केस न् केस दिसला नाही तर त्यांना घास गोड लागत नाही. स्वतःच्या लग्नात ते व्हिडिओवाल्याच्या मागे उभे राहून त्याला सूचना देत होते, त्यामुळे त्या व्हिडिओत बराच वेळ ताई एकटीच लग्न करते आहे. आईने तो एकदा पाहिला आणि परत कधी लावायला सांगितला नाही.

मी आणि दाजी एकाच कारखान्यात आहोत. गाद्यांचा कारखाना. मी शिलाईच्या मशीनवर आणि ते विक्री खात्यात. मोठं गिऱ्हाईक आलं की मिटिंगच्या खोलीत पडद्यावर स्लाइड दाखवायच्या, हे त्यांचं काम. स्लाइड ते सुंदर करतात, मी कशाला नावं ठेवू? पण प्रत्येक स्लाइड शोमध्ये शेवटी व्हिडिओ असलाच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि तिथेच घोडं पेंड खायचं.

व्हिडिओ एकच होता, पण काय होता! आमच्या सर्वांत भारी गादीच्या एका टोकाला पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवलेला, आणि दुसऱ्या टोकाला खुद्द साहेब उडी मारतात. साहेबांचा देह म्हणजे दोन माणसांचा ऐवज. ते गादीवर आदळतात आणि ग्लासातला थेंबसुद्धा सांडत नाही. ही कल्पना साहेबांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना लग्नाच्या वाढदिवसापेक्षा जास्त अभिमान होता.

हा व्हिडिओ आजवर एकाही गिऱ्हाइकाने पाहिला नव्हता. पहिल्या वेळी पडद्यावर नुसता काळा चौकोन आला. स्लाइडमध्ये व्हिडिओ टाकला की तो तिथे जाऊन बसतो असा दाजींचा समज होता. तो बसलाच नव्हता. स्लाइडला फक्त त्याचा पत्ता ठाऊक होता, आणि तो पत्ता निघाला दाजींच्या घरच्या कॉम्प्युटरचा. पेन ड्राइव्ह ऑफिसात आला आणि व्हिडिओ घरी आराम करत राहिला. दुसऱ्या वेळी आवाज आला पण चित्र आलं नाही. अंधारात तीन-चारदा 'धप्प' झालं आणि गिऱ्हाइकं वर छताकडे बघू लागली.

फाइल फार जड आहे, जरा बारीक करा, असं त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. मीही सांगितलं. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचं मूल विकायला काढलं होतं.

"दारातून आत मावत नाही म्हणून पाहुण्याचे हातपाय कापतोस का तू?" ते म्हणाले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही धडधाकट होता.

शेवटी साहेबांचा संयम सुटला. दोन हॉटेलांच्या मालकीणबाई गाद्या बघायला येणार होत्या. साहेबांनी दाजींना बोलावून शांतपणे सांगितलं की या वेळी व्हिडिओ अडकला तर सोमवारपासून तुम्ही तक्रारींच्या टेबलावर बसायचं. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. तक्रारींच्या टेबलावर एक फोन असतो आणि त्यावर दिवसभर लोक आपल्या पाठीबद्दल बोलतात. तिथला माणूस रजेवर होता तेव्हा दाजी एक दिवस तिथे बसले होते. त्यांचा स्वभाव हळवा, कुणाचंही चटकन खरं वाटतं. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांची पाठ, मान आणि डावा खुबा असं सगळं दुखत होतं, आणि फोन करणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी नवी गादी कबूल करून टाकली होती. कायमचं तिथे बसायचं म्हणजे आठवड्याभरात दाजी आणि कारखाना दोघेही अंथरुणाला खिळले असते.

मग दाजी कामाला लागले. शेजारच्या फोटोग्राफरचा नवा कॅमेरा मागून आणला आणि साहेबांना परत उडी मारायला लावली. हा व्हिडिओ आधीच्यापेक्षा चौपट स्वच्छ आणि अर्थात चौपट जड. ऑफिसच्या लॅपटॉपने तो बघताच मान टाकली. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र तो चालायचा. फक्त त्याआधी कॉम्प्युटर बराच वेळ विचार करायचा. पडद्यावर ती गोल चकती फिरत राहायची, पंखा घूं घूं करायचा, आणि मग एकदाची उडी दिसायची. दाजींनी ठरवलं की व्हिडिओ एकटा ऑफिसात येत नसेल तर कॉम्प्युटर व्हिडिओसकट उचलून न्यायचा.

त्या दिवशी सकाळी घरचा कॉम्प्युटर स्कूटरवरून कारखान्यात आला. पुढे दाजी, मागे ताई, आणि ताईच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला तो डबा. प्रत्येक खड्ड्याला दाजी मागे वळून "लागलं का?" असं विचारत होते. तिसऱ्या खड्ड्यानंतर ताईच्या लक्षात आलं की प्रश्न तिला नाही. गेटवर उतरल्यावर ती मला म्हणाली, "मला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा हा माणूस यापेक्षा जोरात चालवत होता."

मिटिंगच्या खोलीत दाजींनी खिडक्यांना काळं कापड लावलं, कारण उजेडात चित्र फिकं पडतं. मी आणि अजून दोघांनी नमुन्याची गादी आणून भिंतीशी पलंगावर टाकली. बाई आल्या त्या लांबचा प्रवास करून. चेहरा ओढलेला, पायांवर चपलांचे वळ. खुर्ची दिली तर म्हणाल्या, मी इथेच बसते, आणि गादीच्या कडेवर टेकल्या. साहेबांनी हसून दाजींना खूण केली. दिवे मालवले.

स्लाइड नीट पार पडल्या. मग शेवटची स्लाइड आली आणि चकती फिरू लागली. दाजींना याची कल्पना होती, म्हणून मधला वेळ भरून काढायला ते बोलू लागले. चित्र कशाने बनतं, त्यात ठिपके किती, आपल्या डोळ्याला त्यातले किती कळतात आणि किती वाया जातात, हे सगळं ते एका सुरात सांगत होते. ताईला हे तोंडपाठ आहे. बाळ झोपत नसलं की ती दाजींना हाच विषय काढायला लावते.

खोलीत गुडुप अंधार, पंख्याची घरघर, दाजींचा आवाज. बाई आधी गादीवर जरा मागे सरकल्या. मग त्यांनी पाय वर घेतले. मग कुशीवर वळल्या. साहेब पुढे होऊन काहीतरी म्हणणार तेवढ्यात खोलीत एक स्वच्छ, लयदार घोरणं सुरू झालं.

आम्ही सगळे पुतळ्यासारखे उभे राहिलो. साहेब पडद्याकडे बघेनात, दाराकडे बघेनात, नुसते गादीकडे बघत राहिले. माणूस धंद्यातला आहे, त्याला लगेच कळलं. गिऱ्हाईक आपल्या गादीवर घोरतंय, यापुढे ग्लास आणि उडी कसली?

नेमकी त्याच वेळी चकती थांबली. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ते छोटं त्रिकोणी बटण उमटलं. व्हिडिओ तयार होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, गिऱ्हाईक खोलीत असताना, तयार होता. दाजींचा हात माउसवर गेला. साहेबांनी दोन्ही हात हलवून नाही, नाही अशी खूण केली. दाजी त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटले. साहेबांनी पुन्हा नकारार्थी मान हलवली. मला दाजींची फार दया आली. इतकी वर्षं चिडवलं असलं तरी तो माझ्या ताईचा नवरा आहे, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

दाजी परत कॉम्प्युटरपाशी आले, क्षणभर थांबले आणि त्यांनी स्पीकरची वायर उपटली. 'धप्प'चा आवाज त्यांनी वेगळा माइक लावून घेतला होता, तो त्यांनी स्वतःच्या हाताने मारला. मग बटण दाबलं.

आणि साहेब उडाले. भिंतभर मोठे, एकही झटका न घेता, हळूहळू वर. शर्टाची वीण दिसत होती, ग्लासातल्या पाण्यावर खिडकी दिसत होती. त्याचबरोबर साहेबांच्या नाकातले केस दिसत होते, आणि पाय वर आले तेव्हा डाव्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठाही दिसला. कलिंगडाएवढा. अंगठा खोलीभर तरंगत गेला. शिपायाने तोंडात रुमाल कोंबला. हिशेबनीस बाई टेबलाखाली वाकल्या त्या वर आल्याच नाहीत. मी खालचा ओठ चावून चावून सुजवला. साहेब लाल झाले होते, पण ओरडायची सोय नव्हती. गिऱ्हाईक झोपलं होतं.

थेंब सांडला नाही. दाजींनी एकट्याने, आवाज न करता, टाळ्या वाजवल्या.

मालकीणबाई बऱ्याच वेळाने उठल्या, ओशाळल्या, केस सारखे केले. दोन्ही हॉटेलांत हीच गादी टाका, म्हणाल्या. किती दिवसांनी इतकी गाढ झोप लागली, असंही म्हणाल्या. मग त्यांना आठवण झाली. "तुम्ही काहीतरी व्हिडिओ दाखवणार होतात ना?"

दाजींनी तोंड उघडलं. साहेब त्यांच्या आधी बोलले. "तो अडकला हो. आमचा नेहमीचाच घोळ."

बाई गेल्यावर साहेबांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. तक्रारींचं टेबल विसरा, म्हणाले. यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला गादीवर बसवायचं, अंधार करायचा, तुम्ही बोलायचं आणि व्हिडिओ अडकवायचा. चांगला भरपूर अडकवायचा. आणि तो उडीचा व्हिडिओ आज घरी जाऊन पुसून टाकायचा.

दाजी म्हणाले, मला तक्रारींच्या टेबलावर बसवा. चांगला चालणारा व्हिडिओ मुद्दाम अडकवायचा हे माझ्याच्याने होणार नाही. साहेबांनी रविवारपर्यंत विचार करा म्हणून सांगितलं. दाजी घरी आले ते जेवलेच नाहीत. ताईने आधी समजावलं, मग चिडली. फोनवर पाठींची गाऱ्हाणी ऐकून तुम्ही आजारी पडणार आणि तुमची गाऱ्हाणी ऐकून मी, असं तिने स्पष्ट सुनावलं. रविवारी दुपारी मी गेलो तर दाजी कॉम्प्युटरसमोर बसलेले. तो नेहमीप्रमाणे विचार करत होता आणि दाजी त्या फिरणाऱ्या चकतीकडे टक लावून बघत होते. एकाएकी उठले आणि फोटोग्राफरकडे तोच कॅमेरा मागायला गेले.

पुढच्या आठवड्यात एका वसतिगृहाचे व्यवस्थापक आले. अंधार झाला, शेवटची स्लाइड आली, पडद्यावर चकती फिरू लागली. दाजी ठिपक्यांवर बोलू लागले. व्यवस्थापकांचे पाय वर गेले, मान उशीला टेकली, घोरणं सुरू झालं. साहेब मागून हळूच आले आणि काळजीने म्हणाले, "नक्की अडकलाय ना?"

दाजींनी गंभीरपणे मान डोलावली. साहेब समाधानाने बाहेर गेले.

मी पडद्याकडे नीट पाहिलं. चकती नेहमीसारखी वाटत नव्हती. कडा धारदार, ठिपका न् ठिपका वेगळा, फिरणं लोण्यासारखं. खाली कोपऱ्यात एक बारीक रेघ हळूहळू पुढे सरकत होती, व्हिडिओ चालू असला की सरकते तशी. मी दाजींकडे वळलो. त्यांचा चेहरा उजळला होता.

"पूर्ण तासाभराचा आहे," ते माझ्या कानात म्हणाले, "आणि बघ, एकदाही अडकला नाही."