नाव नसलेलं बटण

माझ्या मावशीच्या यजमानांइतका अंधाराशी घरोबा असलेला माणूस अख्ख्या देवळाली प्रवरात सापडणार नाही. काकांची नजर आधीच गेलेली. मावशी वारली तसा घरातला दिवाही लागेनासा झाला. खिडक्या कायम बंद, कारण म्हणे शेतात जळणाऱ्या उसाच्या पाचटाची काजळी आत येते. भर दुपारी आत पाऊल टाकलं तरी गारठा जाणवायचा, आणि त्या काळोखातून एका बाईचा घाईघाईचा, कोरडा आवाज यायचा. तो मोबाईलचा, पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. पण हे गल्लीला कोण समजावणार? नव्या दूधवाल्याने एकदा उंबऱ्यावरूनच ऐकलं, “बटण. बटण. नाव नसलेलं बटण,” आणि त्यावर काकांचं लाडिक, “पुढं चल गं बाई.” तेव्हापासून दुधाची पिशवी फाटकालाच लटकू लागली. काकांना त्याचं कोण कौतुक! “भूत मी हाय का ती, इचार त्याला,” म्हणायचे.

मावशी शाळेत शिक्षिका होती. ती गेल्यावर शाळेने वेबसाइट काढली आणि तिच्यात मावशीचा फोटो आहे, असं काकांच्या कानावर आलं. झालं! दिवसभर आवाज पळत राहिला: “मुख्य पान, आमच्याविषयी, चित्र, चित्र, चित्र.” पान बदललं की तोच मेनू पुन्हा पहिल्यापासून.

“ती हितंच कुठंतरी हाय गं,” काका मला म्हणाले, “पन मला घावंना.”

त्याच रात्री मी लॅपटॉप उघडला.

शाळेच्या साइटचं काम नुकतंच माझ्याकडे आलं होतं. मेनू ओलांडून थेट मजकुरावर नेणारा दुवा मी घातला, मथळे नीट लावले, बटणांना नावं दिली आणि एकेका फोटोचं वर्णन लिहीत गेले. मावशीच्या फोटोपाशी मात्र थबकले. निरोप समारंभातला, कडेने कापलेला फोटो. मावशी एकटीच, आणि तिच्या खांद्यावर एक हात. हात ज्याचा, तो माणूस फोटोत नाहीच. दिसलं तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्यासमोरच ते ऐकलं. “खांद्यावर कुणाचा तरी हात.” पुन्हा लावलं. पुन्हा एकदा.

“कुनाचा तरी न्हाई,” ते हळूच म्हणाले. “माझा हाय. तवा दिसायचं बंद झालं हुतं ना. तिचा खांदा धरूनच गेल्तो मी.”

तिथेच बसून मी वर्णन बदललं. आवाज तेवढ्याच कोरडेपणाने म्हणाला, “खांद्यावर यजमानांचा हात.”

काकांचं बोट पडद्यावर थांबलं. बराच वेळ त्यांनी ते पुढे सरकवलं नाही.