मुकद्दसच्या डोळ्यांची भट्टी

आमच्या रिश्तोनमध्ये, कुंभारांच्या या गावात, बायकांनी ताटांवर चित्रं काढावीत, झिलईसाठी राख चाळावी. पण भट्टीचा जाळ पुरुषांचा. माझी धाकटी जाऊ मुकद्दस हिने ही रीत चार वर्षं गुपचूप मोडली, आणि मोडायला लावली ती खुद्द आमच्या सासऱ्यांनी, उस्ता म्हणजे उस्ताद गोफुरांनी.

त्यांना मोतीबिंदू झाला होता. जाळाचा रंग दिसत नाही हे गावाला कळलं असतं, तर पन्नास वर्षांचं नाव धुळीला मिळालं असतं. म्हणून ते भट्टीपाशी ऐटीत दाढी कुरवाळत बसायचे. मुकद्दस चहा देण्याच्या निमित्ताने यायची, उजेड आड करायला डोक्यावरून अंगरखा ओढून झरोक्यातून आत बघायची आणि पुटपुटायची, "बाबा, डाळिंबासारखा लाल. जर्दाळूचा पिवळा अजून नाही." लगेच उस्ता गरजायचे, "पऱ्हाट्या टाका!" वाहवा त्यांची. मला हे ठाऊक होतं, माझ्या नवऱ्याला नव्हतं. त्यांना बरंच काही ठाऊक नसतं.

त्या वसंतात उस्ता ऑपरेशनसाठी फरगण्याला गेले. इकडे एका लग्नासाठी मागवलेली दीडशे निळी ताटं भट्टीत रचलेली. वर्षभर माळावरची झुडपं जाळून केलेली सगळी राख त्या झिलईत गेली होती. भट्टी बिघडली तर वर्ष वाया. अशा वेळी उस्तांच्या जागी बसले आमचे हे, सोबिरजान, आणि हातात ताश्कंदहून आणलेलं तापमान मोजायचं यंत्र.

पहाटे दुआ मागून जाळ लावला. दुपार कलली तसा यंत्राने नऊशे वीसचा आकडा दाखवला.

"झालं! लिंपा भट्टीचं तोंड!" यांनी फर्मावलं.

मुकद्दस झरोक्यापासून वळली. "भावजी, थांबा. वरचा थर अजून लालच आहे."

"यंत्र खोटं बोलतं होय गं? जा, तू आपली फुलं काढ."

"खोटं कशाला बोलेल? पण त्याची कांडी तुम्ही खाली जाळाच्या तोंडाशी खुपसलीय. वरचं त्याला काय कळणार?"

तिने लोखंडी आकडा घातला आणि पारखायला वर ठेवलेलं झिलईचं कडं ओढून काढलं. निवल्यावर ते ताकासारखं पांढुरकं दिसलं, म्हणजे झिलई अजून नीट वितळली नव्हती.

हे चिडले. "जास्त तापली तर झिलई वाहील, ताटं एकमेकांना चिकटतील. मग कोण निस्तरणार?"

"मी."

हे यंत्राशेजारी फुरंगटून बसले. मला इतका राग आला होता की यंत्रच भट्टीत टाकावंसं वाटलं. मुकद्दसने मात्र बारीक पऱ्हाट्या मागवल्या आणि मूठमूठ टाकत जाळ वर चढवला. दुसरं कडं काढलं: काठ स्वच्छ, मध्ये धुकं. पुन्हा पऱ्हाट्या. तिसऱ्या कड्यातून खालची कुंचल्याची रेघन् रेघ दिसली.

"लिंपा!" ती ओरडली. आमच्या अंगणात बाईचा हुकूम प्रथमच सुटला होता.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली तेव्हा अख्खा मोहल्ला जमला. उस्ताही परतले होते, एका डोळ्यावर पट्टी. ताटं बाहेर येऊ लागली, एकेक निळंशार, टिचकी मारावी तर खणखणीत. लोक यांची पाठ थोपटू लागले.

"माझं काही नाही," हे म्हणाले. "मी तर बुडवायला निघालो होतो. मुकद्दसने वाचवलं." लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण नवऱ्याचा असा अभिमान मला त्या दिवशी वाटला.

उस्तांनी कमरेचा रुमाल सोडला आणि सगळ्यांदेखत मुकद्दसच्या कमरेला बांधला. आमच्यात शिष्य असाच उस्ता होतो.

"बाईला?" कुणीतरी कुजबुजलं.

"चार वर्षं मला जाळ दिसत नव्हता," उस्ता म्हणाले. "तुम्ही वाखाणलेली प्रत्येक भट्टी हिची."

मग सगळ्यांत म्हातारे कुंभार नुमोन पुढे आले. उभ्या जन्मात त्यांनी आपल्या जाळाजवळ कुणाला फिरकू दिलं नव्हतं.

"उस्ता मुकद्दस," ते म्हणाले, "गुरुवारी माझी भट्टी लागतेय. याल का बघायला?"